कंबरदुखीसाठी टेबल घ्यावं की माणसं शिकवावीत?

प्रश्न (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात)

सोलापूरच्या पूर्व भागात माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. मी ३४ वर्षांची, हाताखाली दोन ज्युनियर मुली. निम्म्याहून जास्त पेशंट कंबरदुखीचे : विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावर उभे राहणारे कामगार, टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर बसणाऱ्या मुली. दहा दिवस शेक, करंट, ट्रॅक्शन (कंबर यंत्राने ताणणं) आणि व्यायामाचा कागद देते. बरं वाटतं, आणि दोन महिन्यांत तेच लोक परत दारात. काहींनी तर कामच सोडलंय. ४२ वर्षांच्या एक बाई सहा महिने विड्यांना बसलेल्या नाहीत. एमआरआयची पिशवी मांडीवर धरून विचारतात, ‘मॅडम, आता जन्मभर असंच का?’

माझ्यापुढे दोन रस्ते आहेत. एक डीलर हप्त्यावर डीकंप्रेशन टेबल द्यायला तयार आहे. सासरे म्हणतात तेच घे, लोकांना दिसतं तरी. दुसरा रस्ता म्हणजे तिघींनी पुण्याला जाऊन कंबरदुखीच्या उपचारांचं दोन दिवसांचं वर्कशॉप करायचं. त्यालाही बराच खर्च आहे, आणि शिकवलेल्या मुली सोडून जातात. एक ज्युनियर मशिनच्या कामात चलाख आहे. दुसरी तेलुगू बोलते म्हणून ठेवली, पण ती पेशंटशी गप्पा मारत वेळ घालवते. घरचं-दारचं विचारणं हे मानसोपचारवाल्यांचं काम, आपलं नव्हे, असं माझ्या बरोबरीचे म्हणतात. काय करू?

उत्तर

टेबलाचं आधी उरकून टाकू, त्यात फार बोलण्यासारखं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रौढांच्या जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सरसकट वापरू नका म्हणून जे सांगितलंय त्यात ट्रॅक्शन आहे, अल्ट्रासाउंडचा उपचार आहे, टेन्स (त्वचेवरून द्यायचा सौम्य करंट) आहे, कमरेचा पट्टाही आहे. करा म्हणून जे सांगितलंय त्यात व्यायाम, नीट समजावून सांगणं, मनाच्या अंगाने केलेले उपचार आणि हाताने करायचे काही उपचार आहेत. डीकंप्रेशन टेबल हेही शेवटी ट्रॅक्शनच, फक्त त्याला स्क्रीन लावलेली. आणि पाच तारखेला हप्ता भरायचा असला की चार तारखेला आलेल्या पेशंटला ‘तुम्हाला टेबलाची गरज नाही’ असं सांगायला जीभ रेटत नाही. चांगल्या चांगल्यांची रेटत नाही. घेऊ नका.

वर्कशॉपचा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण त्यामागे एक समज दडलाय : तुम्हाला एखादं तंत्र येत नाही, ते दोन दिवसांत शिकलं की पेशंट परत यायचे थांबतील. शिकायचं आहे हे खरं. पण काय शिकायचं आणि ते किती दिवसांत येतं, यावर थोडं थांबू.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या कर्टिन युनिव्हर्सिटीतले पीटर ओसलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेली ‘कॉग्निटिव्ह फंक्शनल थेरपी’ नावाची पद्धत आहे : दुखण्याबद्दलची समज आणि भीती, हालचाल आणि रोजचं जगणं एकत्र हाताळणारी. तिची मोठी चाचणी ऑस्ट्रेलियात झाली आणि २०२३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पेशंट ४९२, सगळे तीन महिन्यांहून जास्त काळ दुखणारे, दुखण्यापायी रोजची कामं अडलेले, आधी कुठे ना कुठे उपचार घेतलेले. म्हणजे तुमच्या दारात परत परत येतात तसेच. उपचार देणारे १८ फिजिओथेरपिस्ट होते आणि त्यांना आधी तयार केलं गेलं. ते शिक्षण सुमारे ८० तासांचं होतं, काही महिन्यांत पसरलेलं. त्यात नुसती लेक्चरं नव्हती. खऱ्या पेशंटला तपासायचं, कुणीतरी जाणत्याने ते पाहायचं, चुकलेलं तोंडावर सांगायचं, आणि पुरेसं जमतंय हे दिसल्यावरच पुढे जायचं. पेशंटला १२ आठवड्यांत जास्तीत जास्त सात सिटिंग आणि सहा महिन्यांच्या आसपास उजळणीचं एक. एवढ्यावर लोकांची अडलेली कामं नेहमीच्या उपचारांपेक्षा बरीच जास्त सुटली, आणि वर्षानेही तो फरक टिकून होता. पुढे तीन वर्षांनी पाहिलं तेव्हाही फायदा दिसत होता.

तुमच्या सासऱ्यांना सांगण्यासारखी गोष्ट याच चाचणीत आहे. एका गटाला हेच उपचार, वर पाठीला लावायचे सेन्सर दिले होते, हालचाल स्क्रीनवर दाखवणारे. त्या गटाला सेन्सरचा जादा फायदा काही झाला नाही.

अर्थात पर्थ म्हणजे सोलापूरचा अशोक चौक नव्हे. तिथल्या पेशंटना हजार विड्यांमागे मजुरी मिळत नव्हती, आणि तुलना ‘नेहमीच्या उपचारांशी’ होती, म्हणजे ज्याला जे मिळालं त्याच्याशी. तरी शिकण्याच्या बाबतीत धडा स्पष्ट आहे. आपल्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी कोण नुसती बघून पेलतो? यात्रेआधी सराव चालतो, शेजारी जाणते असतात, तोल गेला की जागच्या जागी सांगतात. दोन दिवसांच्या वर्कशॉपमधून सर्टिफिकेट येईल, तोल येणार नाही. म्हणून आयोजकांना फोन करून तीन गोष्टी विचारा. वर्कशॉपमध्ये खरा पेशंट आमच्यासमोर तपासला जातो का? मी तपासते आहे हे कुणी पाहून मला सांगणार आहे का? आणि सोलापूरला परतल्यावर पुढचे चार-सहा महिने, ऑनलाइन का होईना, माझ्या पेशंटवर कुणी माझ्याशी चर्चा करणार आहे का? तिसऱ्या प्रश्नाला ‘व्हॉट्सअॅप ग्रुप आहे’ एवढंच उत्तर आलं, तर पैसे जपून ठेवा.

आता तुमच्या त्या बाई. पत्रात त्यांच्याबद्दल तुम्ही तीनच गोष्टी लिहिल्यात : वय, किती महिने काम बंद, आणि एमआरआय. त्या घरी काय करतात, कशाला घाबरतात, रात्री झोपतात का, सहा महिने कमाई बंद असताना घर कशावर चाललंय, यातलं काही नाही. तुम्हाला दोष देत नाही, बीपीटीत, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीत, आपल्याला झोपवून पाय सरळ उचलला की किती अंशाला दुखतं ते विचारायला शिकवतात. पण तुमच्या क्लिनिकमध्ये या प्रश्नांची उत्तरं एका व्यक्तीला बहुधा माहीत आहेत. ती गप्पा मारणारी ज्युनियर. तुम्ही तिचा ‘वेळ घालवणं’ जे म्हणता, त्यात तपासणीचा अर्धा भाग उरकत असण्याची शक्यता आहे. त्या बाईंबद्दल तिला काय काय ठाऊक आहे ते उद्या तिलाच विचारा. मला उत्तराची उत्सुकता आहे.

मात्र गप्पा आणि तपासणी यात फरक असतो, आणि तो शिकवावा लागतो. सगळ्यात आधी धोक्याच्या खुणा. लघवी अडणं, किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं, बसायच्या जागी बधिरपणा, पायातला जोर दिवसेंदिवस कमी होणं, यातलं काही असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात. ताप, उतरत चाललेलं वजन, रात्री झोपूनही न थांबणारं दुखणं, पूर्वी झालेला कॅन्सर, म्हातारपणी पडल्यानंतरची कंबरदुखी किंवा बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड, यांना डॉक्टरांकडे पाठवल्याशिवाय हात लावायचा नाही. आपल्याकडे मणक्याचा टीबी डोक्यातून कधीच काढू नये. दाट वस्तीत, कमी खाणाऱ्या, खोकणाऱ्या घरांत तर नाहीच. ही यादी दोन्ही ज्युनियरना पाठ हवी, आणि हे प्रश्न तेलुगूत, कन्नडमध्ये कसे विचारायचे तेही ठरलेलं हवं. बसायच्या जागेच्या बधिरपणाबद्दल सून किंवा शेजारीण दुभाषी असली की बाई खरं बोलत नाही.

धोक्याचं काही नसेल, आणि बहुतेकांत नसतंच, तर पुढे. इंग्लंडच्या कील युनिव्हर्सिटीची ‘स्टार्ट बॅक’ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी आहे. कोणाला थोडक्या सल्ल्यावर सोडता येईल आणि कोणाचं दुखणं रेंगाळायची शक्यता जास्त, हे ती कमी, मध्यम, जास्त अशा तीन गटांत सांगते. तुमचा तास कोणावर खर्च करायचा ते त्यावरून ठरवा. शिवाय पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारा : कंबरेपायी अडलेली, तुम्हाला परत करायची आहेत अशी तीन कामं सांगा. प्रत्येक कामाला शून्य ते दहा गुण : शून्य म्हणजे अजिबात जमत नाही, दहा म्हणजे पूर्वीसारखं जमतं. ‘पेशंट-स्पेसिफिक फंक्शनल स्केल’ म्हणतात ती हीच. लिहिता-वाचता येत नसलं तरी चालते. ‘खाली बसून भाकरी थापणं’ हे कुठल्याही छापील प्रश्नावलीत तुम्हाला सापडणार नाही, पण तुमच्या पेशंटच्या तीन कामांत हमखास येईल. दुखणं किती ते विचारूच नका असं नाही, पण आधी काम विचारा.

मग त्या बाईंना सांगा, पुढच्या वेळी येताना विड्या वळायचं सूप घेऊन या. पानं, तंबाखू, दोरा, सगळं. कॉटवर झोपवून तपासू नका, क्लिनिकच्या फरशीवर बसू द्या आणि तुम्ही समोर खाली बसा. खाली जाताना श्वास धरतात का? एक हात आधी जमिनीवर टेकतात का? मांडी घातल्यावर पाठ ताठ करून करकचून धरतात का? कधीतरी कुणीतरी ‘ताठ बसा’ म्हणून सांगितलेलं असतं, आणि बिचारी माणसं ते इमानेइतबारे सहा-सहा महिने पाळतात. पान हातात घेतलं, तंबाखू भरली, गुंडाळलं, दोरा मारला, विडीचं तोंड मुडपलं. या अर्ध्या मिनिटात खांदे कुठे जातात, जबडा आवळतो का, ते ज्युनियरला बघायला लावा. नंतर त्यांना म्हणा, आता श्वास सोडा, पोट सैल सोडा, पाठीला वाकायचं तसं वाकू द्या, आणि पाच विड्या वळा. दुखणं कमी झालं? तर त्यांना कळलं की वाकण्याने कंबर मोडत नाही, आणि ते तुम्ही सांगून नाही, त्यांच्या अंगाला कळलं. नाही झालं? मग भिंतीला टेकून बघा, बुडाखाली पाट घेऊन बघा, एक पाय लांब करून बघा. अमुकच पद्धतीने बसलं की कंबर दुखत नाही असा ठोस पुरावा कुठे नाही. बैठक बदलती ठेवायची, शंभर विड्या झाल्या की उठून चार पावलं टाकायची, आज पाव तास तर पुढच्या आठवड्यात अर्धा. थोड्या थोड्याने वाढवत न्यायचं, दुखलं की एकदम थांबायचं नाही आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात हजारही वळायच्या नाहीत. ‘विड्या सोडा’ हा सल्ला देणं फार सोपं आहे. त्या सल्ल्याने त्यांची कमाई जाते, आणि कंबर बरी होते असंही नाही.

एमआरआयची पिशवी बाजूला ढकलू नका, त्यांनी त्यासाठी कर्ज काढलेलं असू शकतं. रिपोर्ट उघडा, वाचा, आणि खरं ते सांगा. कंबर मुळीच दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन तपासलेल्या अभ्यासांचा २०१५ साली एकत्र आढावा घेतला गेला. चाळिशीच्या न दुखणाऱ्या माणसांत ६८ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या गादीत झीज दिसली आणि ५० टक्क्यांची गादी फुगलेली होती. तेव्हा ‘रिपोर्टमध्ये काही नाही’ असं म्हणू नका, ते त्यांना खोटं वाटेल. ‘यात जे दिसतंय ते तुमच्या वयाच्या धडधाकट माणसांतही दिसतं’ असं म्हणा. आणि तुमच्या क्लिनिकमध्ये काही वाक्यांना आजपासून बंदी घाला : गादी सरकली, मणक्यात गॅप आली, वाकू नका, वजन उचलू नका, जपून. यातलं शेवटचं सगळ्यात प्रेमाने बोललं जातं आणि सगळ्यात जास्त घाबरवतं.

मानसोपचाराचं काम आपलं नव्हे, हे अर्धं बरोबर आहे. अमेरिकेत जॉर्ज एंगेल या डॉक्टरांनी १९७७ मध्येच मांडून ठेवलंय की आजार शरीर, मन आणि भोवतालचं जगणं तिन्हींत असतो. पाठदुखीत तर हे पदोपदी दिसतं. झोप, भीती, कर्जाचा घोर, घरातली दारू, यांचा दुखण्याशी संबंध आहे एवढं ऐकून घेणं आणि त्याप्रमाणे व्यायामाची चाल ठरवणं हे फिजिओचंच काम. नवरा-बायकोत समेट घडवणं तुमचं काम नाही. आणि कुणी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं, तर ते कानाआड न करता मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणं हेही तुमचंच काम. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे; भिंतीवर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दूत लिहून ठेवा.

‘पेशंटला मशिनच लागतं’ हे तुम्ही मूळ पत्रात तीनदा लिहिलंय. विचारून पाहिलंत कधी? मला वाटतं लोकांना आपलं दुखणं कुणी खरं मानतंय हे हवं असतं, आणि आजवर ते त्यांना मशिनच्या वायरीतूनच मिळालंय. शेक एकदम काढून घेऊ नका. दहा मिनिटं हॉट पॅक राहू द्या, तेवढ्यात बाजूला स्टूल घेऊन बोला. पण दहा दिवसांचं पॅकेज बंद करा. पहिलं सिटिंग पाऊण ते एक तासाचं, त्याची फी दुप्पट. पुढची पाच-सहा सिटिंग तीन महिन्यांत पसरलेली. रोजंदारीच्या माणसाला दहा खेपांपेक्षा सहा-सात खेपा परवडतात, हे त्यांना समोर बसून हिशेब करून दाखवा. पहिले दोन-तीन महिने गल्ला थोडा हलेल, ते धरून चाला.

शिकवण्याचं घरच्या घरी असं करता येईल. आठवड्यातली एक दुपार राखून ठेवा. एक पेशंट, तिघी एकत्र. एक तपासेल, दोघी गप्प बसून लिहितील. पेशंट गेल्यावर तपासणारीनेच आधी सांगायचं, कुठे घाई केली, कुठे त्यांचं बोलणं तोडलं. पेशंटची लेखी परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड केलंत तर आणखी बरं. आपण पहिल्या मिनिटातच दुसऱ्याचं बोलणं तोडतो हे ऐकल्याशिवाय पटत नाही. या दुपारी तुमचीही पाळी लागली पाहिजे, मालकीण म्हणून सुटका नाही. महिन्यातून एकदा तुमच्या जुन्या कॉलेजातल्या एखाद्या शिक्षकाला ऑनलाइन बसवा आणि सर्वांत अडलेला पेशंट त्यांच्यापुढे मांडा. तीन महिन्यांनी प्रत्येक पेशंटला फोन करून ती तीन कामं परत विचारा आणि वहीत गुण लिहा. कोणाचं शिक्षण लागू पडतंय ते वहीच सांगेल, ज्युनियर किती चलाख दिसते त्यावरून ठरवू नका.

मशिनवाल्या ज्युनियरलाही यात ओढा, ती मागे पडेल असं नाही. अशा मुलींना निरीक्षणाचं काम नेमून दिलं की त्या बारकाईने बघतात.

सोडून जाण्याचं म्हणाल तर जातील, लग्न होईल, पुण्याला नोकरी लागेल. त्यांची मूळ सर्टिफिकेटं अडकवून ठेवण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल, तो मानू नका. पगाराशिवाय लांब सिटिंगच्या फीतला वाटा द्या. तेवढ्याने एखादी जास्त टिकते, एखादी तरीही जाते.

हे वाचणाऱ्या कंबरदुखीच्या पेशंटनीही आपल्या फिजिओला दोन गोष्टी विचाराव्यात : मी नेमकं कोणतं काम परत करू शकेन आणि किती आठवड्यांत? आणि तुमच्या मशिनशिवाय घरी मी स्वतः काय करायचं? दुसऱ्याला उत्तर नसेल तर दुसरं क्लिनिक बघावं.

वर्कशॉपवाल्यांनी त्या तीन प्रश्नांना धड उत्तरं दिली, तर तिघींचे पैसे भरू नका. दोन जागा घ्या : एक तुमची, कारण पुढे शिकवायचं तुम्हालाच आहे, आणि दुसरी त्या तेलुगू बोलणाऱ्या मुलीची.